आत्मघात, रक्तसाक्ष आणि अधिकार : संत ऑगस्टीनच्या भूमिकेची ऐतिहासिक पार्श्वभूमी

आत्महत्या हे घोर पातक होय, ही ख्रिस्ती धर्मसंघाची शिकवण इतकी परिचित आहे की, ती त्या धर्माच्या मूळ ग्रंथातूनच सरळ आली असावी असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. पवित्र शास्त्रात शौल राजा आपल्याच तलवारीवर पडून मरतो, त्याचा शस्त्रवाहक त्याचे अनुकरण करतो, अहिथोफेल गळफास घेतो, शमशोन शत्रूंसह स्वतःच्या अंगावर मंदिर पाडून घेतो. परंतु यांपैकी कोणाच्याही मरणाच्या प्रकाराबद्दल तेथे निंदेचा शब्द नाही. याबेश-गिलादचे लोक शौलाच्या अस्थी सन्मानाने पुरतात. यहूदाची गोष्ट वेगळी. पण त्याच्यावरचा कलंक विश्वासघाताचा आहे, गळफासाचा नव्हे. उलट, मित्रांसाठी प्राण अर्पण करणे ही योहानाच्या शुभवर्तमानात प्रीतीची परिसीमा मानली आहे, आणि ख्रिस्ताचे मरण हे त्याने स्वेच्छेने केलेले अर्पण होय, ही तर या धर्माची मध्यवर्ती श्रद्धा.

असे असता प्राण अर्पण करणे आणि प्राण घेणे यांमधील रेषा कोणी, केव्हा व कशासाठी आखली? चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टँशियसने स्वतःची हत्या ही हत्याच होय असे म्हटले होते. परंतु त्याचा रोख प्राचीन तत्त्वज्ञांवर होता. धर्मसंघाच्या अंतर्गत जीवनास लागू पडेल असा नियम पद्धतशीरपणे मांडला तो हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हा नियम मांडताना ऑगस्टीनपुढे जीविताच्या मूल्याचा प्रश्न दुय्यम होता. मुख्य प्रश्न होता तो मारण्याच्या अधिकाराचा. हे ध्यानात न घेतल्यास त्याच्या लेखनातील करुणा आणि कठोरता ही दोन परस्परविरोधी व्यक्तींची मते वाटू लागतात.

ग्रीक भाषेत ‘मार्टिर’ म्हणजे साक्ष देणारा. मराठी ख्रिस्ती परंपरेतील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द त्याचा आशय नेमका पकडतो. साक्षीदाराला बोलावणे यावे लागते. न बोलावता उभा राहणारा साक्षीदार संशयास पात्र होतो. हा संशय दुसऱ्या शतकापासूनच दिसतो. इ. स. १५५ च्या सुमारास स्मर्ना येथे बिशप पॉलिकार्प याचा वध झाला. त्याचे वर्णन करणाऱ्या पत्रात क्विंटस नावाच्या एका फ्रिजियन गृहस्थाचा उल्लेख येतो. हा आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही त्याने पुढे केले, आणि हिंस्र श्वापदे दिसताच त्याचे धैर्य खचून त्याने देवतांना आहुती दिली. स्वतःहून मरणास सामोरे जाण्याची आम्ही प्रशंसा करीत नाही, असे स्मर्नाकरांनी त्या निमित्ताने स्पष्ट सांगून टाकले. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने याच विषयावर लिहिताना आपल्या देशाचा दाखला घेतला आहे, ही गोष्ट भारतीय वाचकास लक्षणीय वाटेल. छळकर्त्याला चिथावून मरण ओढवून घेणारे हे खरे साक्षी नव्हेत. भारतातील नग्न तपस्वी निष्फळ अग्नीत उडी घेतात त्यांच्यासारखेच ते होत, असे तो म्हणतो. एवढ्यावरही तो थांबत नाही. असा मनुष्य छळकर्त्याच्या पापाचा भागीदार होतो, असा त्याचा पुढचा आरोप आहे.

तथापि सर्वांचे मत असे नव्हते. कार्थेजच्या टर्टुलियनने इ. स. २१२ च्या सुमारास एक प्रसंग मोठ्या अभिमानाने सांगितला आहे. आशिया प्रांताचा प्रशासक अरियस अँटोनायनस याच्या न्यायासनापुढे एका नगरातील सर्व ख्रिस्ती लोक आपण होऊन उभे राहिले. त्याने काहींना देहदंड दिला आणि उरलेल्यांना विचारले की, मरायचेच असेल तर तुम्हांला कडे आणि दोर काय थोडे आहेत? त्याच कार्थेजमध्ये पुढे सिप्रियन बिशप झाला. इ. स. २५० च्या छळात तो लपून राहिला आणि त्याबद्दल त्याने निंदाही सोसली. इ. स. २५७ मध्ये प्रशासकापुढे उभा असताना, आमचे शिस्तनियम कोणासही स्वतःहून पुढे येण्यास मनाई करतात, असे त्याने ठामपणे सांगितले. आणि इ. स. २५८ मध्ये वधस्थानी मारेकऱ्यास २५ सुवर्णनाणी द्यावयास लावून तो शांतपणे मरण पावला. स्पेनमधील एल्विरा येथील धर्मसभेने, मूर्तिभंग करताना जागीच मारला गेलेला मनुष्य रक्तसाक्षींत गणू नये, असा नियम केला तो चौथ्या शतकाच्या प्रारंभीच्या याच वातावरणात.

खरी अडचण स्त्रियांच्या बाबतीत होती. इ. स. ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात अँटिऑकची एक कुलीन स्त्री आणि तिच्या दोन कन्या यांना सैनिक घेऊन जात होते. आपल्या वाट्यास काय येणार हे ओळखून त्या तिघींनी वाटेतच नदीत उड्या घेतल्या. युसीबियस हा इतिहासकार ही हकीकत आदराने सांगतो. पेलागिया ही पंधरा वर्षांची मुलगी अशीच स्वतःच्या हाताने मेली. तिच्याविषयी आपल्या बहिणीच्या प्रश्नास उत्तर देताना मिलानच्या अँब्रोजने तिचा गौरवच केला. जेरोम हा ऑगस्टीनचा समकालीन. त्यानेही शीलरक्षणाचा प्रसंग सोडून अन्यत्र आत्मघात निषिद्ध, असा अपवाद ठेवला. जोहाराच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकास ही भावना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ऑगस्टीनने हा अपवाद काढून टाकला. इ. स. ४१० च्या ऑगस्टमध्ये अलॅरिकच्या गॉथ सैन्याने रोम नगरी तीन दिवस लुटली. अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर, त्यांत व्रतस्थ कुमारिकांवरही, बलात्कार झाले. काहींनी प्राण दिले. ज्या जगल्या त्यांना, तुम्ही का जगलात, असा टोमणा ऐकावा लागला. ‘ईश्वराची नगरी’ या बावीस खंडांच्या ग्रंथास ऑगस्टीनने इ. स. ४१३ च्या सुमारास प्रारंभ केला, आणि त्याच्या पहिल्याच खंडात हा विषय येतो. ज्या कृत्यास मनाने संमती दिली नाही त्याने शील भंगत नाही, हा त्याचा मूलभूत सिद्धांत. मग जी अपराधीच नाही तिने स्वतःस देहदंड का द्यावा? रोमन लोकांनी लुक्रेशियाला पूज्य मानले होते. टर्टुलियनने तर तुरुंगातील रक्तसाक्षींना धीर देताना तिचे उदाहरण पुढे केले होते. ऑगस्टीनने मात्र त्या कथेवर सरळ खटला उभा केला. लुक्रेशिया निष्कलंक असेल, तर तिने एका निरपराध स्त्रीची हत्या केली. आणि ती निष्कलंक नसेल, तर तिची स्तुती कशासाठी? मृत स्त्रीवर असा उलटतपास करणे आज आपल्याला निर्दय वाटते. परंतु हा युक्तिवाद जिवंत स्त्रियांसाठी होता, हे विसरता कामा नये. तुम्ही जगलात यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे त्यांना सांगणारा त्या काळी दुसरा कोणी फारसा दिसत नाही.

येथेच तो दहा आज्ञांतील हत्येच्या निषेधाकडे वळतो. खोट्या साक्षीच्या आज्ञेत ‘शेजारी’ हा शब्द आहे. हत्येच्या आज्ञेत तो नाही. म्हणून ही आज्ञा स्वतःसही लागू होते, असे त्याचे म्हणणे. त्याच्यापुढील लॅटिन पाठात ‘मारणे’ या व्यापक अर्थाचे क्रियापद होते. मूळ हिब्रू शब्द त्याहून संकुचित आहे, आणि मराठी भाषांतरात तर ‘खून’ हा शब्द आहे. ‘स्वतःचा खून’ असे आपण म्हणत नाही. तेव्हा मराठी बायबल हाती घेऊन हा युक्तिवाद उभारणे कोणालाही अवघड गेले असते. शिवाय शब्द जितका व्यापक, तितके अपवाद अधिक लागतात. न्यायाने देहदंड देणारा अधिकारी, ईश्वराच्या आज्ञेने युद्ध करणारा, पुत्राचा बळी देण्यास सिद्ध झालेला अब्राहाम आणि शेवटी शमशोन, असे अपवाद त्याला करावे लागले. शमशोनास पवित्र आत्म्याची गुप्त आज्ञा झाली होती, असे त्याने मानले. नदीत उडी घेणाऱ्या पूज्य स्त्रियांविषयी तर, आपण अविचाराने निर्णय देऊ धजत नाही, असे म्हणून तो बाजूला झाला.

ही फट पुढेही बुजली नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आत्महत्येविरुद्ध निसर्ग, समाज आणि ईश्वर अशी तीन कारणे दिली. पण शमशोनाच्या बाबतीत त्याला ऑगस्टीनचेच उत्तर पुन्हा द्यावे लागले. इ. स. १९४१ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत फादर मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी दुसऱ्या एका बंदिवानाऐवजी स्वतःला उपासमारीच्या कोठडीसाठी पुढे केले. इ. स. १९७१ मध्ये त्यांना धन्यपद देण्यात आले ते रक्तसाक्षी म्हणून नव्हे, इ. स. १९८२ मध्ये संतपद देताना मात्र पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना रक्तसाक्षी म्हणून गौरविले. पुढे इ. स. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रीतीपोटी केलेले जीवितार्पण हा संतपदाचा एक स्वतंत्र मार्गच मान्य केला.

ऑगस्टीनच्या नियमाचा गाभा स्वतःपुरता मर्यादित नव्हता, हे दाखविण्यासाठी त्याच्या पत्रव्यवहाराकडे वळले पाहिजे. इ. स. ३९८ च्या सुमारास पब्लिकोला नावाच्या गृहस्थास त्याने लिहिले की, आपला जीव वाचविण्यासाठी दुसऱ्यास ठार मारणे आपणास मान्य नाही. सैनिक किंवा राजपुरुष यांची गोष्ट निराळी, कारण ते स्वतःसाठी मारीत नाहीत आणि त्यांना तसा अधिकार असतो. म्हणजे खाजगी मनुष्यास कोणालाही मारण्याचा अधिकार नाही, आणि ‘कोणालाही’ यात तो स्वतः आलाच. अधिकार असलेल्यानेही हात आवरावा, अशी त्याची वृत्ती होती. उत्तर आफ्रिकेतील डोनाटसपंथीयांपैकी काहींनी रेस्टिट्यूटस या धर्मगुरूची हत्या केली आणि दुसऱ्या एकाचा डोळा काढून बोट तोडले. त्यांनी गुन्हा कबूलही केला. तरीही यांना देहदंड देऊ नये, अंगच्छेदही करू नये, अशी विनंती ऑगस्टीनने मार्सेलिनस या साम्राज्याच्या अधिकाऱ्यास केली. हाच मार्सेलिनस इ. स. ४१३ मध्ये राजद्रोहाच्या संशयावरून कार्थेज येथे मारला गेला. ‘ईश्वराची नगरी’ त्यालाच उद्देशून लिहावयास घेतलेली होती.

परंतु याच डोनाटसपंथाच्या प्रकरणात त्या नियमाची दुसरी बाजू दिसते. या पंथातील सर्कमसेलियन नावाने ओळखले जाणारे लोक कड्यांवरून उड्या घेत, पाण्यात वा आगीत शिरत, आणि त्यांचे अनुयायी त्यांना रक्तसाक्षी मानीत. इ. स. ४११ च्या कार्थेज परिषदेनंतर साम्राज्याने या पंथाची प्रार्थनामंदिरे जप्त करण्यास सुरुवात केली. ज्याचे अवशेष आज अल्जीरियात टिमगाड येथे पाहावयास मिळतात, त्या थामुगादी नगरात इ. स. ४२० च्या सुमारास गॉडेन्शियस नावाचा त्यांचा बिशप होता. बळजबरी झाल्यास आपण आपल्या लोकांसह मंदिरात स्वतःला जाळून घेऊ, असे त्याने डल्सिशियस या अधिकाऱ्यास कळविले आणि मक्काबींच्या ग्रंथातील राझीसचा दाखला दिला. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा राझीसने उदात्त मरण पत्करले, असे त्या ग्रंथात म्हटले आहे. ऑगस्टीनचे उत्तर मार्मिक आहे. उदात्त मरणापेक्षा त्याने नम्र मरण पत्करले असते तर बरे झाले असते. ती स्तुती शूरांची आहे, रक्तसाक्षींची नव्हे. शिवाय ख्रिस्ताने छळात पळून जाण्याची मोकळीक दिलेली असताना आग कशासाठी? मरण नव्हे, कारण मनुष्याला रक्तसाक्षी बनविते, हे सूत्र तो येथेही लावतो.

युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो ज्या हातात होता त्या हातामागे सम्राटाचे फर्मान होते. डल्सिशियसला लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीन त्याला बजावतो की, या लोकांना ठार मारण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने तुला मिळालेला नाही. येथपर्यंत तो तत्त्वाशी इमानी आहे. मात्र त्याच पत्रात तो असेही लिहितो की, फुटीच्या पापामुळे सर्वांनी सार्वकालिक अग्नीत जळण्यापेक्षा काहींनी आपल्याच आगीत नष्ट होणे पुष्कळ बरे. त्यांच्या मरणाची जबाबदारी सर्वस्वी त्यांचीच. कारण त्यांना मारण्याची आज्ञा कोणी दिलेली नाही. जप्तीचा धाक घालणाऱ्याकडे या मृत्यूंचा काही अंश येतो काय, हा प्रश्न त्याने उपस्थित केलाच नाही. चिथावणाऱ्या ख्रिस्ती माणसाला क्लेमेंटने छळकर्त्याच्या पापाचा भागीदार ठरविले होते. छळकर्ताच ख्रिस्ती असेल तर हिशेब उलटा मांडावा लागेल, ही कल्पना क्लेमेंटला येणे शक्य नव्हते. ऑगस्टीनला ती यावयास हवी होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

थोड्याच वर्षांत त्याच्यासमोर हा विषय तिसऱ्या रूपात आला. इ. स. ४२९ मध्ये व्हँडल आफ्रिकेत उतरले, आणि धर्मगुरूंनी पळावे की राहावे, असे होनोरेटस या बिशपाने त्याला विचारले. शत्रू एकट्या धर्मगुरूच्याच शोधात असेल आणि लोकांची सेवा करणारे दुसरे कोणी असतील, तर त्याने खुशाल पळावे; परंतु लोक मागे राहणार असतील तर त्यांना सोडून जाण्याचा अधिकार त्याला नाही. सगळेच राहू म्हणत असतील, तर काहीजण तरी वाचावेत म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात. असे त्याचे उत्तर होते. व्हँडलांनी हिप्पोस वेढा घातला तेव्हा तो शहरातच होता. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात, २८ ऑगस्ट ४३० रोजी, तापाने तो मरण पावला.