समावेशक शिक्षण

शारीरिक, बौद्धिक वा अन्य कारणांनी ज्यांच्या अध्ययनाच्या गरजा भिन्न असतात, अशा मुलांना परिसरातील सर्वसाधारण शाळेत इतरांसमवेत शिकविण्याची व त्यासाठी शाळेच्या व्यवस्थेत आवश्यक ते बदल करण्याची पद्धती. मुलाने शाळेशी जुळवून घेण्याऐवजी शाळेने मुलाशी जुळवून घ्यावे, हे तिचे मूलतत्त्व होय.

अशा मुलांच्या शिक्षणाचा आरंभ स्वतंत्र शाळांतून झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आबे द लेपे याने बधिरांसाठी व व्हालांतँ आयुई याने अंधांसाठी शाळा काढल्या. भारतात मुंबईची मूकबधिरांची शाळा (१८८५) व अमृतसरची अंधशाळा (१८८७) या आरंभीच्या संस्था होत. अशा शाळांनी ब्रेल लिपी व विशेष अध्यापनतंत्रे रूढ केली. तथापि त्या थोड्या व बहुधा शहरांत असल्याने खेड्यांतील बहुतेक मुले शिक्षणास मुकली, तर वसतिगृहांत राहून शिकणारी मुले घराला दुरावली.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) शक्य तेथे सामान्य शाळेतच अशा मुलांची सोय करावी, असे सुचविले. केंद्र शासनाच्या १९७४ च्या एकात्म शिक्षण योजनेतून पुस्तके, गणवेश, प्रवास व विशेष शिक्षक यांसाठी साहाय्य मिळू लागले. मात्र प्रचलित वर्गात मुलाला सामावून घेण्यावरच तिचा भर होता. अध्यापनाची व परीक्षेची चौकट फारशी बदलली नाही.

स्पेनमधील सालामांका येथील परिषदेने (१९९४) ही चौकटच बदलण्याचा आग्रह धरला. ९२ शासने व २५ आंतरराष्ट्रीय संघटना तीत सहभागी होत्या. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने मोफत शिक्षणाचा हक्क दिला. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. त्यामुळे बुद्धी असूनही वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांच्या अडचणीस मान्यता लाभली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि समावेशक शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली.

या अधिनियमाने विशेष शाळेचा पर्यायही खुला ठेवला आहे. खुणांची भाषा न जाणणाऱ्या वर्गात बधिर मूल एकाकी पडते, हा आक्षेप त्यामागील एक महत्त्वाचा विचार होय. केवळ पटावर नाव नोंदविल्याने समावेश घडत नाही. उतरता मार्ग, ब्रेल पुस्तके, लेखनिक, पुरेसा वेळ आणि मुख्यत्वे प्रशिक्षित शिक्षक यांवरच या पद्धतीचे यश अवलंबून असते.