पीटर्सबर्गचा वेढा (१८६४-६५) : खंदकातील सैनिक आणि त्याचा निर्णय

प्रस्तावना

अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१-६५) इतिहास बहुधा सेनापतींच्या नावांनी सांगितला जातो. उत्तरेचा युलिसिस ग्रँट आणि दक्षिणेचा रॉबर्ट ली यांच्या डावपेचांची चर्चा विपुल झाली आहे. मैदानी लढाईच्या संदर्भात ती योग्यही आहे, कारण अशा लढाईचा निकाल एक-दोन दिवसांत लागतो आणि सैनिकाला विचार करण्यास फारसा अवकाश मिळत नाही. वेढ्याचे स्वरूप मात्र निराळे असते. त्यात सैनिक महिनोन्महिने एकाच खंदकात राहतो, घरची पत्रे वाचतो, आपल्या ताटात काय पडते ते पाहतो आणि हे युद्ध चालू ठेवण्यात अर्थ आहे काय, याचा हिशेब मनाशी मांडतो. व्हर्जिनिया राज्यातील पीटर्सबर्ग येथे जून १८६४ ते एप्रिल १८६५ असे सुमारे साडेनऊ महिने हेच घडले. या वेढ्याचा निकाल तोफा आणि संख्याबळ यांच्याइतकाच सामान्य सैनिकांनी आपापल्या ठिकाणी घेतलेल्या निर्णयांनी ठरला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

वेढ्याची पार्श्वभूमी

पीटर्सबर्ग हे ॲपोमॅटॉक्स नदीवरील शहर दक्षिणेची राजधानी रिचमंड हिच्या दक्षिणेस सुमारे २३ मैलांवर आहे. येथे पाच लोहमार्ग एकत्र येत असत. रिचमंडला आणि लीच्या सैन्याला लागणारी बहुतांश रसद याच मार्गांनी येई. त्यामुळे पीटर्सबर्ग पडले तर राजधानी टिकणे अशक्य होते.

मे आणि जून १८६४ मधील विल्डरनेस, स्पॉट्सिल्व्हेनिया आणि कोल्ड हार्बर या लढायांत उत्तरेच्या सैन्याची सुमारे ५५ हजार माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली होती. तरीही ग्रँटने माघार न घेता जेम्स नदीवर होड्यांचा पूल बांधला आणि १५ ते १८ जून या काळात पीटर्सबर्गवर हल्ले चढविले. प्रारंभी शहराच्या संरक्षणास अवघे काही हजार सैनिक होते. तरीही उत्तरेच्या सेनाधिकाऱ्यांच्या दिरंगाईमुळे संधी हुकली आणि सुमारे १० हजार माणसांची हानी झाली.

या हल्ल्यांच्या शेवटच्या दिवशी सैनिकांच्या मनःस्थितीतील बदल स्पष्टपणे दिसून आला. १८ जून रोजी पूर्वी फारशी लढाई न पाहिलेली मेन राज्याची पहिली जड तोफखाना पलटण पायदळ म्हणून पुढे धावली. तिच्यातील सुमारे ९०० पैकी ६०० हून अधिक माणसे काही मिनिटांत पडली. आजूबाजूच्या मुरलेल्या पलटणी मात्र जमिनीला चिकटून राहिल्या. तीन वर्षांच्या अनुभवाने त्यांना मोर्चाबंद शत्रूवर समोरून धावून जाण्याचे मोल कळले होते. हा भ्याडपणा नव्हता, कारण हीच माणसे पुढे नऊ महिने तोफांच्या माऱ्यात टिकून राहिली. कोणत्या आज्ञेसाठी प्राण द्यावा आणि कोणत्या आज्ञेसाठी देऊ नये, याचा विवेक ते करू लागले होते.

खंदकातील दैनंदिन जीवन

रूढार्थाने हा पूर्ण वेढा नव्हता. शहर चारी बाजूंनी कधीच वेढले गेले नाही. उत्तरेचे सैन्य पश्चिमेकडे सरकत एकेक लोहमार्ग व रस्ता तोडत गेले आणि त्याला अडविण्यासाठी लीला आपली फळी ताणावी लागली. अखेरीस रिचमंड ते पीटर्सबर्ग ही मोर्चांची ओळ ३० मैलांहून अधिक लांब झाली. सैनिकाच्या हाती त्यामुळे बंदुकीपेक्षा फावडे अधिक काळ राहिले. माती उपसणे, बुरूज उभारणे, वेताच्या मोठ्या टोपल्यांत माती भरून भिंती रचणे आणि टोकदार खुंट्यांचे अडसर रोवणे ही त्याची नित्याची कामे होती. उखळी तोफांच्या गोळ्यांपासून बचावासाठी ओंडके व माती यांचे छत असलेली भुयारवजा घरे त्याने खोदली.

१८६४ च्या उन्हाळ्यात सुमारे दीड महिना पाऊसच पडला नाही. धूळ, माश्या, उवा आणि दूषित पाणी यांमुळे हगवण व हिवताप बळावला. पुढे पाऊस आला तेव्हा खंदकांत चिखल साचला. काही ठिकाणी दोन्ही फळ्यांतील अंतर इतके कमी होते की डोके वर काढणाऱ्यावर नेमबाजाची गोळी येई. उत्तरेच्या फोर्ट सेजविक या ठाण्याला सैनिकांनीच ‘नरकाचा किल्ला’ असे नाव दिले होते.

याच सैनिकांनी परस्परांशी अलिखित करारही केले. पहाऱ्याच्या चौक्यांवरील माणसे पुष्कळदा एकमेकांवर गोळी न झाडण्याचे ठरवीत. उत्तरेची कॉफी आणि दक्षिणेची तंबाखू यांची अदलाबदल होई आणि वर्तमानपत्रेही दिली-घेतली जात. अधिकाऱ्यांच्या मनाईला न जुमानता हा व्यवहार चालू राहिला. कृष्णवर्णीय पलटणी समोर असत तेथे मात्र दक्षिणेचे सैनिक असा समेट बहुधा पाळत नसत. खंदकातील बंधुभावालाही वर्णाची सीमा होती.

सुरुंग आणि कृष्णवर्णीय सैनिक

ही सीमा ३० जुलै १८६४ रोजी सर्वाधिक क्रूरपणे प्रकट झाली. पेन्सिल्व्हेनियाच्या ४८ व्या पलटणीत कोळशाच्या खाणीत काम केलेले अनेक सैनिक होते. शत्रूच्या ठाण्याखाली भुयार खणण्याची कल्पना त्यांच्यातूनच पुढे आली आणि खाण अभियंता असलेला त्यांचा नायक हेन्री प्लेझंट्स याने ती उचलून धरली. लष्करी अभियंत्यांनी योजनेची टर उडविली आणि अवजारेही नीट दिली नाहीत. सैनिकांनी बिस्किटांच्या खोक्यांतून माती वाहिली. आत हवा खेळावी म्हणून धुराड्याखाली विस्तव पेटता ठेवून लाकडी नळाने ताजी हवा ओढण्याची युक्ती योजिली. सुमारे तीन आठवड्यांत ५११ फूट लांबीचे भुयार तयार झाले. त्यात ८ हजार पौंड दारू भरण्यात आली.

स्फोटानंतरच्या हल्ल्यात आघाडीवर राहण्याचे प्रशिक्षण कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीला देण्यात आले होते. आदल्या दिवशी जनरल मीड याने हा बेत बदलला आणि ग्रँटने त्यास संमती दिली. हल्ला फसला तर या सैनिकांना मुद्दाम मरणाच्या तोंडी दिले, असा आरोप होईल, अशी भीती त्यामागे होती. चिठ्ठ्या टाकून दुसरी तुकडी निवडली गेली. तिला कोणतीही तयारी नव्हती आणि तिचा सेनाधिकारी स्वतः मागे आडोशाला बसून राहिला.

ठरलेल्या वेळी स्फोट झालाच नाही, कारण वात मध्येच विझली होती. दोघांनी भुयारात शिरून ती पुन्हा पेटविली. पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी झालेल्या स्फोटात दक्षिणेची पावणेतीनशेच्या आसपास माणसे दगावली आणि सुमारे १७० फूट लांब व ३० फूट खोल खड्डा पडला. हल्ला करणाऱ्यांनी खड्ड्याच्या कडेने पुढे जाण्याऐवजी खड्ड्यातच गर्दी केली. सर्व काही बिघडल्यावर कृष्णवर्णीय तुकडीला आत पाठविण्यात आले. प्रतिहल्ल्यात शरण आलेल्या अनेक कृष्णवर्णीय सैनिकांची हत्या झाली. त्या दिवशीच्या उत्तरेच्या सुमारे ३,८०० हानीपैकी एक तृतीयांशाहून अधिक हानी एकट्या या तुकडीची होती. मूळ बेताप्रमाणे तिला पुढे ठेवले असते तर यश मिळाले असते, असे मत ग्रँटने पुढे संसदेच्या समितीसमोर नोंदविले.

या प्रसंगानंतरही कृष्णवर्णीय पलटणी विस्कटल्या नाहीत, ही बाब महत्त्वाची आहे. शरण गेल्यास मृत्यू वा पुन्हा गुलामी आणि स्वतःच्या सैन्यात अविश्वास, अशा दुहेरी कोंडीत ते उभे होते. गोऱ्या सैनिकांइतके वेतन देण्याचा कायदाही जून १८६४ मध्येच झाला होता. तरी २९ सप्टेंबर रोजी रिचमंडजवळील न्यू मार्केट हाइट्स येथे त्यांनी जो पराक्रम केला, त्यासाठी १४ कृष्णवर्णीय सैनिकांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. त्यांच्यासाठी युद्ध सोडून देण्याचा पर्याय स्वातंत्र्य सोडून देण्याइतकाच अस्वीकार्य होता.

भाकरी, पत्र आणि मत

उत्तरेच्या सैनिकाच्या सहनशक्तीमागे सिटी पॉइंट या बंदराची ताकद होती. तेथे दररोज सुमारे १ लाख सैनिकांना पुरेल इतका पाव भाजला जाई. लष्करी लोहमार्ग रसद थेट फळीच्या मागे आणून देई आणि जखमींसाठी हजारो खाटांची रुग्णालये होती. तथापि केवळ पोट भरल्याने सैनिक लढत राहतो, असे म्हणता येत नाही. ८ नोव्हेंबर १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अनेक राज्यांनी सैनिकांना छावणीतूनच मतदानाचा अधिकार दिला होता. लिंकनचा प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅक्लेलन हा याच सैन्याचा एकेकाळचा लाडका सेनापती होता आणि त्याच्या पक्षाने युद्धबंदीची मागणी केली होती. लिंकनला मत देणे म्हणजे खंदकातील मुक्काम लांबविणे होते. तरीही स्वतंत्रपणे मोजल्या गेलेल्या सैनिकी मतांपैकी सुमारे ७८ टक्के मते लिंकनला मिळाली.

दक्षिणेच्या सैनिकाचा अनुभव याच्या उलट होता. ऑगस्ट १८६४ मध्ये वेल्डन लोहमार्ग तुटला, तेव्हा रसद मधल्या स्थानकापासून बैलगाड्या-घोडागाड्यांनी आणावी लागली. १५ जानेवारी १८६५ रोजी फोर्ट फिशर पडल्याने विल्मिंग्टन हे महत्त्वाचे बंदर निकामी झाले. मक्याचे पीठ आणि थोडे खारवलेले मांस एवढाच शिधा उरला, तोही अनियमित. त्याच सुमारास शर्मनचे सैन्य जॉर्जियातून कॅरोलिनांकडे सरकत होते आणि घरून येणाऱ्या पत्रांत उपासमारीचे व भीतीचे वर्णन असे. फेब्रुवारीत लीने नॉर्थ कॅरोलिनाच्या गव्हर्नरला लिहिले, की आप्तांच्या निराश पत्रांमुळे सैनिक पळून जात आहेत. उत्तरेनेही शरण येणाऱ्यास अन्न व प्रवासाची सोय देऊ केली. हिवाळ्यात रात्रीच्या अंधारात फळी ओलांडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. राष्ट्र आणि कुटुंब यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा अनेकांनी कुटुंब निवडले.

जानेवारीअखेर दक्षिणेचे शांतिदूत वाटाघाटींसाठी याच खंदकांमधून उत्तरेकडे गेले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी आरोळ्या देऊन त्यांचे स्वागत केले. ३ फेब्रुवारीची ती भेट निष्फळ ठरली. २५ मार्च रोजी फोर्ट स्टेडमनवर लीने केलेला शेवटचा मोठा हल्ला अपयशी झाला. १ एप्रिलला फाइव्ह फोर्क्स येथे त्याची उजवी बगल मोडली आणि २ एप्रिलच्या पहाटे फळी फुटली. ३ एप्रिल रोजी रिचमंडमध्ये शिरलेल्या सैन्यात कृष्णवर्णीय पलटणी होत्या. ९ एप्रिल रोजी ॲपोमॅटॉक्स येथे लीने शरणागती पत्करली, तेव्हा त्याच्याकडील सुमारे २८ हजार माणसांना सुटकेचे दाखले देण्यात आले.

समारोप

या वेढ्यात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ७० हजार माणसे मृत, जखमी वा कैद झाली. त्याचे पडसाद महाराष्ट्रापर्यंतही पोहोचले. युद्ध लांबले तोवर मुंबईत कापसाचे भाव चढे राहिले आणि ते संपताच भाव कोसळून जुलै १८६५ मध्ये शेअरबाजारात हाहाकार उडाला. दुसरा पडसाद वैचारिक होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केला. त्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांत पीटर्सबर्गच्या खंदकांतील कृष्णवर्णीय सैनिकही होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पीटर्सबर्गच्या सैनिकाकडे केवळ आज्ञापालक वा केवळ बळी म्हणून पाहणे अपुरे ठरते. उत्तरेच्या गोऱ्या सैनिकाने व्यर्थ हल्ल्यास नकार दिला, परंतु युद्धाच्या बाजूने मत दिले. कृष्णवर्णीय सैनिक विश्वासघातानंतरही उभा राहिला. दक्षिणेच्या सैनिकांपैकी काही जण अखेरपर्यंत उपाशीपोटी लढले, तर काहींनी घरची वाट धरली. आपले राज्य दिलेला शब्द पाळू शकते काय, हा या सर्वांपुढील समान प्रश्न होता. त्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या अनुभवावरून दिले आणि त्या असंख्य उत्तरांच्या बेरजेने वेढ्याचा निकाल घडविला. यादवी युद्धांच्या अभ्यासात सैनिकांची पत्रे, मतदानाच्या नोंदी आणि पलायनाची कागदपत्रे यांना सेनापतींच्या अहवालांइतकेच स्थान मिळाले पाहिजे, ते याच कारणासाठी.