धक्का कोण सोसतं? शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा इतिहास आणि जुन्या गाडीची निगा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला थांबवलं. वडिलांची मॉरिस मायनर त्यांनी पुन्हा चालती केली आहे. मेकॅनिक म्हणतो, जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर फेकून द्या, आजच्या गाडीचे बसवू. बसवावेत का? याचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आज हाच विषय.

आधी नावातला घोटाळा दूर करू. शॉक अ‍ॅब्सॉर्बर धक्का सोसत नाही. धक्का सोसतात स्प्रिंग किंवा पाटे. पण दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. झोका देऊन सोडलेल्या झोपाळ्यासारखी. हा झोका आवरणं, एवढंच शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं काम. तो आवरला नाही, तर चाक रस्ता सोडतं. आणि हवेतल्या चाकाला ब्रेकही लागत नाही, वळणही घेता येत नाही.

सुरुवातीच्या गाड्यांचं यावाचून भागलं. एकावर एक रचलेले पाटे एकमेकांवर घासतात, त्यातच झोका बराचसा विरतो. फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 कारखान्यातून शॉक अ‍ॅब्सॉर्बरशिवायच निघत होती.

वेग वाढला, तसं हे पुरेना. त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाने घर्षणावर चालणारं साधन केलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड हार्टफर्ड यांनी ते अमेरिकेत बाजारात आणलं. दोन दांडे, मधे चकत्या, आणि त्या आवळणारा बोल्ट. 1924 च्या बुगाटी टाइप 35 वर हेच दिसतं. पण यात एक खोट आहे. जड कपाट सरकवताना पहिला हिसका जड जातो, मग ते सहज सरकतं, हा अनुभव तुम्हाला असेल. इथेही तसंच. लहान खड्ड्यात चकत्या जाम राहतात, मोठ्या खड्ड्यात सुटतात. हवं असतं नेमकं उलटं!

ते उलटं काम द्रवाने केलं. पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी निमूट बाहेर येतं, जोरात दाबला तर अडतं. फ्रान्सच्या मोरिस हूदाय यांच्या द्रवाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं तत्त्व हेच. डिसेंबर 1927 मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल ए ला असे चार बसवलेले होते. आत ग्लिसरिन. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून आज उघडल्यावर आत अनेकदा गंज सापडतो.

आता मॉरिस मायनरकडे येऊ. ही गाडी 1948 ची. हिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दांड्याचे, आत तेल. पुढच्या चाकांपाशी हा दांडाच सस्पेन्शनचा वरचा हात आहे. चाक सरळ उभं ठेवण्याचं कामही त्याच्याकडेच. तो काढून नुसती नळकांडी लावली, तर वरून चाकाला धरणार कोण? म्हणूनच पुढच्या बाजूला नळकांडी लावताना पुष्कळदा जुना सांगाडा जागेवरच ठेवावा लागतो.

म्हणून माझा सल्ला : आधी जुनाच दुरुस्त करून पाहा. बाहेर तेल ओघळलंय का, दांडा बुशात खिळखिळा झालाय का, हे बघा. तेल भरण्याआधी झाकणाभोवतीची माती नीट पुसा. एक कण आत गेला तरी झडप बिघडते. इंजिन ऑईल नको, डँपरचंच तेल घाला. काढून भरत असाल, तर दांडा सावकाश वर-खाली करून हवा बाहेर काढा. बुश झिजला असेल, तर नुसतं तेल भरून उपयोग नाही. नव्याने बांधूनच घ्या. आणि डाव्या-उजव्या जोडीचं काम एकदमच करा.

बदलायचंच ठरलं, तर चेसिसला नवीन भोक पाडू नका. काढलेला भाग परत बसवता येतो, पाडलेलं भोक बुजत नाही. पुढच्या पिढीला मूळ गाडी हवी असेल, तर ती वाट आपण बंद करू नये.

आता तुमचे प्रश्न घेऊ.