इंजिनाची खडखड : जुन्या मोटारीतील निदान

इंजिनाची खडखड : मोटारीच्या इंजिनातून नेहमीच्या आवाजाखेरीज येणारा आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर कमी-जास्त होणारा ठोक्यांचा आवाज. दोन भागांमधली फट ठरल्या मापाबाहेर गेली, तेलाचा थर टिकेनासा झाला किंवा इंधन भलत्या रीतीने पेटले, की तो उमटतो. गॅरेजच्या बोलीत कारणाप्रमाणे त्याला टॅपेट वाजणे, साखळी वाजणे, रॉड ठोकणे, इंजिन नॉक करणे असे म्हणतात. तीच खडखड सैल झालेल्या पत्र्याच्या तुकड्याचीही असू शकते आणि सबंध इंजिन उतरवायला लावणाऱ्या बेअरिंगचीही. या नोंदीत मुख्यतः कार्ब्युरेटरच्या काळातील आणि त्यानंतर लगेच आलेल्या भारतीय पेट्रोल मोटारी विचारात घेतल्या आहेत : मुंबईत २०२३ पर्यंत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी (१,०८९ घ. सेंमी.), अँबॅसडर (१,४८९ घ. सेंमी.) आणि तीन सिलिंडरांची मारुती ८०० (७९६ घ. सेंमी.).

आवाज कुठून येतो, यावर मालकाचा सगळा भर असतो. हा साक्षीदार मात्र भरवशाचा नाही. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, लोखंडात साडेचार ते पाच हजार मीटर. त्यामुळे ब्लॉकच्या तळाचा ठोका वरच्या झाकणावर ऐकू येतो आणि झाकणाखालची टकटक पार बॅटरीच्या तबकापर्यंत पोचते. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून जागा सांगणारे मिस्त्री आहेत, पण तेही आधी ‘गाडी कधी वाजते?’ असेच विचारतात. थंड असताना की तापल्यावर, उभी असताना की चढावर, ॲक्सिलरेटर दाबताना की सोडताना, एवढे नीट कळले तर बहुतेक कारणे तिथेच वेगळी पडतात. स्क्रू-ड्रायव्हर किंवा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप त्यानंतर, खात्री करून घेण्यासाठी.

पहिली तपासणी तेलाची. डिपस्टिकवरची पातळी न बघता टॅपेट उघडणे म्हणजे मिस्त्रीची मजुरी वाया घालवणे होय. पातळीइतकाच तेलाचा दाटपणाही महत्त्वाचा. या पिढीची इंजिने २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशा दाट तेलावर चालत आली. त्यांत आजच्या गाड्यांचे पातळ तेल घातले तर झिजलेल्या फटी बोलू लागतात. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझलेला आहे, हा पुरावा पुरेसा नाही. दाब अगदी तळाला गेल्याशिवाय तो पेटतच नाही. त्याच्या स्विचच्या जागी गेज लावून, इंजिन पुरते तापल्यावर दाब मोजावा. दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला सुमारे १० पौंड हा ढोबळ हिशेब बहुतेक जुन्या इंजिनांना चालतो. दाब त्याच्या बराच खाली असेल, तर खडखडीचे कारण वर शोधण्याऐवजी क्रँककडे वळावे.

दुसरी तपासणी ठोक्यांच्या गतीची. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. उभ्या गाडीत क्रँक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. म्हणजे एका सैल टॅपेटचे मिनिटाला ४०० ठोके, तर क्रँकशी जोडलेल्या दोषाचे ८००. कानाने हा फरक करणे अवघड वाटले, तर पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट अडकवावा. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा लखलखतो. लखलखाटागणिक एक ठोका पडला तर दोष व्हॉल्व्हच्या बाजूचा, दोन पडले तर क्रँकच्या बाजूचा. डिस्ट्रिब्युटर नसलेल्या काही गाड्यांत प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. तिथे हा हिशेब बदलतो.

टॅपेटचा आवाज सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याची धास्तीही गरजेपेक्षा जास्त घेतली जाते. रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात मुद्दाम मिलिमीटरच्या दशांशाएवढी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर दांडा लांबतो. झिजेने फट वाढली की हलकी, कोरडी, शिवणयंत्रासारखी टिकटिक सुरू होते. झाकण काढून, कंपनीने सांगितल्याप्रमाणे इंजिन थंड किंवा गरम ठेवून, फिलर गेजने फट मोजायची आणि स्क्रू फिरवून नट आवळायचा. शंका एकाच व्हॉल्व्हची असेल तर चालू इंजिनात त्याच्या फटीत गेजचे पाते सरकवावे. टिकटिक थांबली तर तोच. खरी काळजी उलट दिशेची आहे. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुतत गेला तर फट वाढण्याऐवजी कमी होते आणि टॅपेट गप्प होतो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, बैठकीला टेकून उष्णता सोडू शकत नाही आणि जळतो. पेट्रोलमधले शिसे या बैठकींना संरक्षण देत असे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून मऊ बैठकींच्या जुन्या इंजिनांत टॅपेट वाजत नसले तरी ते ठरल्या अंतराने तपासावे लागतात.

पद्मिनी आणि अँबॅसडर यांत क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवायला टायमिंगची साखळी आहे, मारुती ८०० ला पट्टा. साखळी सैल झाली की इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, विशेषतः सकाळी पहिल्यांदा सुरू करताना आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर, घासत्या पत्र्यासारखी खरखर येते. टेन्शनर तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर दाब चढताच ती दोन-चार सेकंदांत थांबते. हे सेकंद वाढत गेले तर साखळी, टेन्शनर आणि मार्गपट्ट्या एकत्रच बदलाव्यात.

थंडीत पोकळ ठकठक आणि पाच-दहा मिनिटांत शांतता, ही पिस्टनची खूण. ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे थंड पिस्टन झिजलेल्या बोअरमध्ये एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आदळतो आणि तापून फुगला की नीट बसतो. कंपन्या पिस्टनची पिन मध्यापासून किंचित बाजूला ठेवतात ती हा आदळा सौम्य करण्यासाठीच. तेल जळत नसेल आणि ओढ कमी झाली नसेल, तर या आवाजासाठी इंजिन खोलण्याची घाई करू नये.

रॉडच्या ठोक्याला मात्र सवलत नाही. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे, म्हणजे बिग-एंडचे, मऊ धातूचे बेअरिंग झिजले की तेलाची गादी फाटते आणि धातू धातूवर बसतो. आवाज जड आणि खालून येणारा असतो, तापल्यावर वाढतो आणि ॲक्सिलरेटर दाबून सोडण्याच्या क्षणी सर्वांत स्पष्ट होतो. खात्रीसाठी एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करून पाहतात; त्या रॉडवरचा ज्वलनाचा दाब गेला की ठोका मऊ पडतो. टॅपेटवर या प्रयोगाचा परिणाम होत नाही, म्हणून तो निर्णायक ठरतो. मात्र चालू इंजिनात वायर उपटू नये; इंजिन बंद करून ती काढावी आणि तिचे टोक बॉडीला टेकवून ठेवावे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तो बसवलेल्या गाडीत हा प्रयोग काही सेकंदांतच आटोपावा, नाहीतर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. शेवटची साक्ष काढलेल्या तेलाची आणि कापून उघडलेल्या फिल्टरची. त्यांत चकाकणारे कण असतील आणि ते चुंबकाला चिकटत नसतील, तर ती बहुधा बेअरिंगची झीज असते. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टो करून न्यावी.

चढावरची खडखड ही वेगळीच जात, कारण तिच्यात कुठलाही भाग सैल नसतो. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर बोरघाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की काचेच्या गोट्या सांडल्यासारखा आवाज येतो आणि गिअर उतरवला की जातो. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्यापूर्वीच सिलिंडरच्या कोपऱ्यातला उरलेला वायू दाबाने आपोआप पेटतो आणि दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. पहिल्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेत हा दोष चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनच्या माथी मारला जाई. त्यांचे सहकारी टॉमस मिजली यांनी दोष इंधनाचा असल्याचे दाखवले आणि डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हा उतारा शोधला. त्याच्या विषाची किंमत जगाने पुढे अनेक दशके मोजली. जुन्या गाडीत तीन कारणे पाहावीत : पुढे ओढलेले ठिणगीचे टायमिंग, ज्वलनकक्षात साठलेला कार्बन आणि इंजिनाचे वाढलेले तापमान. नव्या इंजिनात नॉक सेन्सर टायमिंग आपोआप मागे घेतो. पद्मिनीत डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवावा लागतो.

इंजिनाबाहेरच्या वस्तूंची यादी लांब आहे. सायलेन्सरवरचा गंजलेला पत्रा, फुटलेला कन्व्हर्टर, वॉटर पंप किंवा डायनामोचे बेअरिंग आणि बसलेले माउंटिंग ही त्यातली नेहमीची. बाहेरचा पट्टा (टायमिंगचा नव्हे) उतरवून इंजिन अर्धा मिनिट चालवले की त्या पट्ट्यावरची सगळी यंत्रे एका फटक्यात निर्दोष ठरतात किंवा पकडली जातात. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर शोध गिअरबॉक्सकडे न्यावा.

डिझेल इंजिन जात्याच खडखडते, म्हणून तिथे बदलाकडे लक्ष द्यायचे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून दोषी सिलिंडर शोधत असत. हीच युक्ती कॉमन-रेल डिझेलवर करणे जिवावर बेतू शकते; त्या नळीत हजार बारहून अधिक दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते.

जुन्या गाड्यांच्या बाजारात खडखड दडवण्याचे दोन मार्ग रुळलेले आहेत. एक, घट्ट तेल किंवा तेल दाट करणारी बाटली ओतणे; याने बेअरिंगचा ठोका काही दिवस झाकला जातो. दुसरा, गिऱ्हाईक येण्यापूर्वी गाडी तापवून ठेवणे. मग पिस्टनची आणि साखळीची सकाळची खडखड त्याच्या कानावर पडत नाही. म्हणून गाडी रात्रभर उभी असताना पाहायला मागावी. बॉनेट उघडल्यावर इंजिन कोमट लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.