मगनवाडीची घाणी आणि डालड्याचा डबा

मंडळी, यावेळचा विषय बाबांच्या लिपिड प्रोफाइलवरून निघाला. रिपोर्टात एलडीएल वाढलेलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, पण बाबांचं म्हणणं, "लाकडी घाणीचं तेल आणू, गोळीची गरज काय?" तेलाचा हा वाद आमच्या वर्धा जिल्ह्यात चांगला नव्वद वर्षांचा आहे!

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मार्गदर्शक गांधीजी, सचिव जे. सी. कुमारप्पा, मुक्काम मगनवाडी. झवेरभाई पटेलांनी तिथे तेलघाणीवर काम केलं. बैलाला ओढायला सोपी, तेल जास्त देणारी ती सुधारित घाणी पुढे 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली.

तिकडे १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडायचा, की ते तुपासारखं घट्ट होतं. स्वस्त, टिकाऊ, दिसायला तूपच. गांधीजींनी आणि कुमारप्पांनी वनस्पती तुपाला विरोध केला. कारणं तीन: तुपात भेसळ, पोषण कमी आणि गावच्या तेल्याचा धंदा बुडणार. भेसळ पकडता यावी म्हणून पुढे सरकारने वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं. तीळतेल रासायनिक चाचणीत रंग देतं. आमच्या भाषेत सांगायचं तर चेकसमच की!

या सगळ्या वादात कोलेस्टेरॉल कुठेच नव्हतं. आणि डालड्यातही ते नव्हतं, कारण वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. मग घोळ कुठे? रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतः बनवतं. अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतं. ते एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल कमी करतं, हे १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटन यांनी दाखवलं. भारतात तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर यायला जानेवारी २०२२ उजाडला.

म्हणजे मगनवाडीवाले बरोबर होते का? वनस्पतीबाबत हो, पण वेगळ्या कारणांनी. त्यांना प्रिय असलेल्या साजूक तुपातलं सॅच्युरेटेड फॅटसुद्धा एलडीएल वाढवतंच. आणि घाणीचं असो की रिफाइंड, तेलाच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी ठरलेल्या.

म्हणून बाबांना एवढंच सांगितलं: घाणीचं तेल जरूर आणू, गावातल्या माणसाला काम मिळतं. पण महिन्याचं मोजून आणू, तळलेलं तेल पुन्हा वापरायचं नाही, खारी-फरसाण कमी, जवसाची चटणी चालू, संध्याकाळी फिरणं. आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. यकृतातला कारखाना मंद करणारं पहिलं स्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात आलं. कुमारप्पांच्या काळी ती सोयच नव्हती. आज ती आहे, तर घाणीशी तिचं भांडण कशाला लावायचं?

बाबा "बघू" म्हणालेत. आमच्याकडे "बघू" म्हणजे अर्धा होकार. असो. तुमच्या घरी कुठलं तेल?