पाटी कुणाची, जागा कुणाची? लहान व्यवसायाच्या पहिल्या वेबसाइटचा इतिहास

#थ्रेड

१/
इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया आणि तहनामे येतात. आजचा विषय त्या मानाने अगदी साधा आहे. एखादा छापखाना, मसाल्यांचा कारखाना किंवा छायाचित्रकार आयुष्यात प्रथमच आपली वेबसाइट उभी करतो, ही गोष्ट शक्य कशी झाली? जेमतेम तीन दशकांच्या या कथेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : दुकान आपले, पण पाटी कुणाची आणि जागा कुणाची?

२/
प्रथम दोन संज्ञा समजून घेऊ. वेबसाइटला एक नाव लागते, ते डोमेन. ती पाने ज्या संगणकावर ठेवलेली असतात, ती जागा म्हणजे होस्टिंग. बाजारपेठेच्या भाषेत सांगायचे तर एक पाटी, दुसरा गाळा. हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. पुढे जे नुकसान अनेकांच्या वाट्याला आले, त्याचे मूळ बहुधा हा भेद न कळण्यातच आहे.

३/
आधी पाटीचा इतिहास पाहू. आरंभीच्या काळात जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती यादी सांभाळी. संगणक वाढले आणि एक यादी पुरेनाशी झाली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नवी, विकेंद्रित रचना मांडली. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले.

४/
तरीही व्यापाराला दार बंदच होते. अमेरिकेतील मुख्य जाळे तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशावर चाले आणि ते संशोधन व शिक्षणासाठी राखीव असे. १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांचे ‘वेब’ जगासमोर आले. ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. बरोबर दोन वर्षांनी, ३० एप्रिल १९९५ रोजी, ते सरकारी मुख्य जाळे बंद होऊन सूत्रे खासगी कंपन्यांकडे गेली. बाजार भरायला मैदान मोकळे झाले.

५/
त्या वेळी नाव नोंदवायला पैसे पडत नसत आणि भल्याभल्यांना त्याचे मोल कळलेले नव्हते. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराने ‘मॅकडॉनल्ड्स डॉट कॉम’ हे नाव चक्क स्वतःसाठी नोंदवले आणि त्यावर लेखही लिहिला. अखेर न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या इंटरनेट जोडणीसाठी साहाय्य देऊन कंपनीने ते नाव आपल्याकडे घेतले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराची काय कथा!

६/
१४ सप्टेंबर १९९५ पासून नोंदणीला शुल्क लागू झाले : पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. हे शुल्क खरेदीचे नव्हते, मुदतीचे होते. आजही डोमेन कुणी कायमचे ‘विकत’ घेत नाही. ठरावीक काळासाठी ते आपल्या नावावर लागते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण केले नाही, तर कालांतराने ते दुसऱ्या कुणालाही घेता येते.

७/
आता गाळ्याकडे वळू. सुरुवातीला वेबसाइट म्हणजे स्वतःचा सर्व्हर आणि चोवीस तास चालू असणारी भाड्याची तार. लहान व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेरचा खर्च. त्यात आणखी एक अडचण होती. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना फक्त पानाचे नाव सांगे, कोणत्या साइटचे पान हवे ते सांगत नसे. त्यामुळे प्रत्येक साइटला जाळ्यावर स्वतंत्र क्रमांक द्यावा लागे.

८/
याची कल्पना मुंबईच्या चाळीवरून करता येईल. पत्त्यावर केवळ चाळीचे नाव आहे, माणसाचे नाहीच. मग पोस्टमन पत्र कोणत्या खोलीत टाकणार? जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचटीटीपी १.१’ या नियमावलीने प्रत्येक मागणीसोबत साइटचे नाव सांगणे बंधनकारक केले. एका ओळीची ही भर! पण तिच्यामुळे एकाच क्रमांकावर, एकाच संगणकात शेकडो साइट सुखाने नांदू लागल्या. स्वस्त होस्टिंगचा धंदा या ओळीवर उभा आहे.

९/
याच सुमारास अवजारेही फुकट मिळू लागली. अपाची हा सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल ही माहितीसाठ्याची प्रणाली, तिन्ही १९९५ मधली. गाळ्याचे भाडे उतरले, सुताराची हत्यारे विनामूल्य झाली. उरला प्रश्न सुताराचा. दर वेळी भाव बदलला की पान बदलायला जाणकार माणूस कुठून आणायचा?

१०/
त्याचे एक उत्तर अपयशातून आले. १९९५ मध्ये पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस कलादालनांना वेबसाइट करून देऊ पाहत होते. कलादालनांना ती नकोच होती. तेव्हा त्यांनी मोर्चा दुकानांकडे वळवला आणि दुकानदाराला ब्राउझरमधूनच आपले दुकान मांडता येईल असे ‘व्हायावेब’ बनवले. लहान दुकानासाठी त्याचे मासिक शुल्क १०० डॉलर होते. १९९८ मध्ये याहूने ते विकत घेतले. आज अर्ध्या तासात साइट तयार करून देणाऱ्या सेवांचे हे एक पूर्वज.

११/
भारतात काय चालले होते? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभीच्या शहरांत मुंबई होती. दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा वेग ९.६ किलोबिट प्रतिसेकंद. हिशेब करून पाहा : ६० किलोबाइटचे एक छायाचित्र उतरायला सुमारे ५० सेकंद! साडीच्या दुकानाने दहा नमुने दाखवायचे ठरवले, तर गिऱ्हाइकाला आठ मिनिटे पडद्यासमोर बसावे लागेल, आणि तोवर दूरध्वनीचे मीटर पळतच राहील.

१२/
देशी पाटीची कथाही मुंबईशी जोडलेली आहे. ‘डॉट इन’ नावांची नोंदणी पूर्वी जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनसीएसटीकडून होत असे. २००४ अखेरपर्यंत अशी नावे होती सुमारे ७,०००. एवढ्या मोठ्या देशात फक्त सात हजार! १ जानेवारी २००५ पासून ‘निक्सी’च्या देखरेखीखाली नवी, खुली व्यवस्था सुरू झाली आणि नाव घेणे सोपे झाले. तोवर आपल्याकडील बहुतेकांनी डॉट कॉमचीच वाट धरली होती.

१३/
पाटीचा मान न्यायालयातही ठरला. १९९९ मध्ये रेडिफने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. कारण होते ‘रॅडिफ डॉट कॉम’ हे नाव, अवघ्या एका अक्षराच्या फरकाचे. डोमेन हा निव्वळ जाळ्यावरील पत्ता नाही, व्यापारचिन्हाप्रमाणेच त्यालाही संरक्षण मिळायला हवे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेने निर्णय दिला.

१४/
मराठी दुकानदाराला आणखी एक घाट चढायचा होता : लिपीचा. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फाँट त्या काळी प्रचलित होते. वाचकाच्या संगणकावर नेमका तो फाँट नसला, तर ‘दिवाळी फराळ’ ऐवजी पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटे. शोधयंत्रालाही ती अक्षरे मराठी म्हणून कळत नसत. साइट होती, पण मराठीत शोधणाऱ्याला ती सापडतच नव्हती.

१५/
युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण विंडोज २००० आणि एक्सपीनंतरच ती घरोघरच्या संगणकांवर रुळू लागली. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ सुरू झाले आणि पत्ताही देवनागरीत लिहिता येऊ लागला. मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी अशा आठ भाषा त्यात एकाच वेळी सामावल्या. दुकानावर मराठी पाटी हवी म्हणून आपल्याकडे आंदोलने झाली. जाळ्यावरची मराठी पाटी मात्र फारशी चर्चा न होता येऊन ठेपली.

१६/
आता या कथेतील दुःखद प्रकरण. १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी सुरू केलेली सेवा पुढे जिओसिटीज म्हणून ओळखली गेली. फुकट जागा आणि शहरासारखी आळ्यांची रचना! चित्रपटप्रेमींची आळी वेगळी, संगणकवेड्यांची वेगळी. लहान आणि घरगुती व्यवसायांसाठी ‘युरेका’ नावाची आळी. जगभरच्या असंख्य माणसांचे पहिले संकेतस्थळ येथेच उभे राहिले.

१७/
१९९९ मध्ये याहूने ही वसाहत साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली. त्याच वर्षी नव्या अटींत रहिवाशांच्या मजकुरावर व्यापक हक्क सांगितला गेला. संतापाची लाट उसळली, लोकांनी बहिष्कार पुकारला आणि याहूला माघार घ्यावी लागली. पण मालक कोण, हे त्या दिवशी स्पष्ट झाले होते. २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद झाली. पत्ता कंपनीच्या नावाचा होता. त्यामुळे आळीसह पाटीही गेली.

१८/
हा धडा आपण शिकलो का? २०११ मध्ये गुगलने भारतातील लहान व्यवसायांना विनामूल्य वेबसाइट देण्याची मोहीम काढली. २०१७ मध्ये गुगलवरील नोंदीतूनच काही मिनिटांत साइट बनवण्याची सोय आली. अनेकांना ती पुरेशी वाटली. मार्च २०२४ मध्ये गुगलने या साइट बंद केल्या. जुन्या पत्त्यावरून ग्राहकाला व्यवसायाच्या नोंदीकडे वळवण्याची सोय जूनपर्यंतच ठेवली. जिओसिटीजनंतर पंधरा वर्षांनी तोच प्रयोग, तोच शेवट.

१९/
४ ऑक्टोबर २०२१ हा दिवस आठवतो? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास ठप्प होते. ज्यांचे दुकान, नोंदवही आणि गिऱ्हाईक सारे तेथेच होते, त्यांना आपल्याच ग्राहकाशी बोलण्याची वाट उरली नाही. गंमत अशी की कंपनीचे नाव-पत्ता सांगणारे तिचे स्वतःचे सर्व्हरच जाळ्यावरून दिसेनासे झाले होते. पाटी दिसेनाशी झाली आणि एवढा मोठा वाडा कुणाला सापडेना!

२०/
मग भाड्याची जागा वाईट का? मुळीच नाही. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर हे मान्य केले पाहिजे की फुकटच्या आळ्या नसत्या, तर असंख्य लोकांनी पहिले पाऊलच टाकले नसते. खऱ्या बाजारपेठेतही बहुतेकांचा गाळा भाड्याचाच असतो. फरक इतकाच की गाळा सोडताना दुकानदार पाटी उतरवून सोबत नेतो. डोमेन आपल्या नावावर असेल, तर होस्टिंग बदलले तरी पत्ता तोच राहतो. ते नसेल, तर गिऱ्हाईक जुन्याच दारावर थाप मारत राहते.

२१/
म्हणून घरात कुणी पहिली वेबसाइट उभी करत असेल, तर रंग आणि चित्रे ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. डोमेन नक्की कुणाच्या नावावर नोंदले जात आहे : व्यवसायाच्या की साइट बनवून देणाऱ्याच्या? नूतनीकरणाची सूचना कोणत्या ईमेलवर येणार? आणि सगळ्या पानांची, छायाचित्रांची प्रत आपल्यापाशी आहे का? या तिन्हींची उत्तरे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावीत.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. पेशवेकालीन सावकारांची मोडीतील हिशेबपत्रे आज आपण वाचू शकतो. तेव्हा भाव काय होते, माल कुठून येई, उधारी किती थकली, हे त्यांतून कळते. मग १९९८ साली एखाद्या लोणचेवाल्याने जगाला उद्देशून लिहिलेले पान कुठे आहे? इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून पाने जतन करत आले आहे. पण त्याच्या जाळीतून निसटलेलेही पुष्कळ आहे. कागद वाळवी लागूनही थोडाफार उरतो. भाडे थकलेला सर्व्हर एका रात्रीत कोरा होतो.

२३/
सामान्य माणसांच्या व्यवहाराचा इतिहास लिहायचा, तर साधनेही त्यांच्याच घरी शोधावी लागतात. कपाटात पडलेले डॉट कॉम पत्ता छापलेले जुने व्हिजिटिंग कार्ड, दिवाळी अंकातली जाहिरात, डोमेन नोंदणीची पावती, पानांची प्रत असलेली सीडी : या वस्तू आता ऐतिहासिक साधने आहेत. रद्दीत देण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्या, मागे साल लिहा आणि ती साइट कुणी, कशासाठी उभी केली होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवा.

आपल्या गावातील कोणत्या दुकानाची वेबसाइट तुम्ही सर्वांत आधी पाहिली होती? आठवत असेल तर नाव आणि साल खाली अवश्य नोंदवा.

#थ्रेड समाप्त