थंड हवा आणि वऱ्हाडातला फुफाटा

दुसरबीडजवळून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. वेगमर्यादा ताशी १२०. अशा रस्त्यावर स्पोर्ट्स कारला कोल्ड एअर इंटेक बसवावासा वाटणारच. हिशोबही सोपा: बॉनेटखालच्या ६० अंशांच्या हवेपेक्षा बाहेरची ४० अंशांची हवा सुमारे ६ टक्के दाट. ऑक्सिजन जास्त, ताकद जास्त.

पण इंजिनाचं जुनं भांडण धुळीशी आहे. सुरुवातीच्या कित्येक मोटारींना फिल्टरच नव्हता; धूळ सिलिंडर घासून काढायची. मग ऑइल बाथ आला: हवा तेलावरून वळते, धूळ तेलात अडकते. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांवर तो असायचाच. पुढे कागदी फिल्टर आला. कॅलिफोर्नियाच्या केअँडएनने तेल लावलेली सुती जाळी जगभर पोचवली. युक्ती तीच, फक्त कापसावर. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली, तीही कापसासाठीच.

सुती जाळीतून हवा मोकळी जाते, पण कागदाच्या मानाने बारीक धूळही जास्त जाते. तेल जास्त झालं तर एअरफ्लो सेन्सर बिघडतो. म्हणून हॉर्सपॉवरचा आकडा नंतर बघा. आधी बघा, फिल्टर बंद डब्यात आहे का आणि किती बारीक धूळ अडवतो. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा उडतो, तेव्हा इंजिनाचं आयुष्य त्यावरच ठरतं.